कोंड्याल सर घरीच असतात

पूर्व भागात, पाण्याच्या टाकीमागच्या बोळात
सकाळी साडेदहाला कधीही जा,
कोंड्याल सर घरीच असतात.
इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशातून लोंबणारी शिट्टीची दोरी,
पायात बूट. घरात, बूट.
पद्मावतीबाईंनी त्यावर बोलणं सोडलंय.

चार वर्षांत तीन करंडक.
माणूस इतकं जिंकून येतो
आणि गावाला कळत नाही त्याचं काय करावं,
लग्न उरकल्यावर मांडवाच्या खांबांचं कळत नाही तसं.

मी त्यांचा गोलकीपर.
पॅडला पैसे नव्हते तेव्हा सरांनी
मागाखालचं वाया सूत गोळा करून
गोणपाटात शिवून घेतलं.
चेंडू लागला की धूळ उडायची,
पंच खोकत बसायचा, मी वाचायचो.
कुर्डुवाडीच्या रेल्वेवाल्यांकडून फुलबॅक आणला
तो चादरींच्या बदल्यात.
वहीत नोंद आहे, त्यांच्या तिरप्या अक्षरात :
'चादरी चोवीस, डबल, मोर नक्षी. डॅनियल.'
डॅनियल अजून थंडी पडली की म्हणतो,
त्यातली एक तरी मला द्यायची होती.

मग का रिकामे?
पार्क चौकात सांगतात, तोंड वाईट.
सरांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही कधी.
कुणी म्हणतं वय. त्रेपन्न हे काय वय झालं?
पानवाला शनीवर ढकलतो,
तो सगळंच शनीवर ढकलतो, चुना जास्त झाला तरी.

दिवाळीआधी कारखान्याची माणसं आली होती.
गाडी बोळात शिरेना, टाकीपाशी लावून चालत आली.
नवा संघ, पगार, राहायला फ्लॅट.
मी टॉवेलचं सॅम्पल दाखवायला गेलो होतो, म्हणून होतो तिथं.
सरांनी सगळं ऐकलं, चहा पुढे सरकवला.
मग एकच विचारलं :
'संघ कोण निवडणार?'
'तुम्हीच की सर! फक्त दोन-चार नावं वरून येतील.'
सरांनी वर बघितलं.
वर पंखा होता. लाईट गेलेली.

ही गोष्ट मीच गावभर सांगितली.
सांगायला बरी वाटते. सर तिच्यात उंच दिसतात
आणि मी तिच्यात नुसता बसलेला असतो, सॅम्पल घेऊन.
पण कारखाना आला तो यंदा.
त्याआधी सहा वर्षं कोणीच का आलं नाही,
ते मला ठाऊक आहे.

तिसऱ्या फायनलच्या आदल्या रात्री
त्यांनी माझं नाव खोडलं.
माझा गुडघा सुजला होता, मी पट्टी बांधून लपवला होता.
लिंगराजला उभं केलं, अठरा वर्षांचं पोरगं,
आणि आपण जिंकलो.
मी खांबाला टेकून टाळ्या वाजवल्या.
ज्या हातांनी वाजवल्या त्यातल्याच एकानं
पावसाळ्यात कमिटीच्या कागदावर सही केली,
सरांना काढा म्हणून. सातवी सही.
वरच्या सहा कोणाच्या ते वाचलं तेव्हा हसू आलं :
सगळे कधी ना कधी बाहेर बसवलेले.

जिंकणाऱ्या संघात अकरा जण असतात बे.
बाकीचे सगळे गावात राहतात,
मोठे होतात, कमिटीत जातात.

सरांना ती सही माहीत आहे.
अक्षर ओळखतात ते, स्कोअरबुक मीच लिहायचो.
तरी चहा देतात, बशीत शेंगाची पोळी.
कॅलेंडरच्या पाठीमागं अकरा नावं लिहितात,
मैदानावर बघितलेल्या पोरांची,
एक खोडतात, विचार करतात, परत तेच लिहितात.
फोन वाजला की उठतात.
कर्ज हवंय का, म्हणून कुणी बाई विचारते.
'नको,' म्हणतात, आणि तिला धन्यवाद देतात.

मी निघतो तेव्हा दारापर्यंत येतात.
'गुडघा कसाय?'
'बराय सर.'
ते काही बोलत नाहीत.
मी टाकीपर्यंत सरळ चालायचा प्रयत्न करतो,
मागं न बघता,
बूट दारातच असतात हे ठाऊक असून.