तीन वाजताची नदी

सोमेश्वरच्या पायऱ्यांवर बाप बसलाय,
टोपी गुडघ्यावर उलटी.
मे महिना. धबधब्याच्या जागी काळा खडक,
खळग्यांत हिरवं, जुनं पाणी
आणि एक पोरगा मोटारसायकल धुतोय
टमरेलाटमरेलानं.

"तुझ्या त्या गावाचं सांग परत," म्हणतो.

तर मी सांगते परत.

सातपूरच्या कंपनीनं पाठवलं होतं, तीन आठवडे, स्वीडनला,
पात्यांचं माप घ्यायला शिकायला.
पाण्याखाली फिरतात ती पाती,
केसाएवढी चूक झाली तरी विव्हळतात.
त्या गावात रात्र नीट व्हायचीच नाही.
मी पडद्याला साडीच्या पिना लावून झोपायचे.
नदीकाठी विटांचे कारखाने, धुराडी थंड.
जिथं रेल्वेची इंजिनं व्हायची
तिथं शाळेची मुलं चित्रं काढतात.

आणि धबधबा. शनिवारी, दुपारी तीनला.

"तीनला म्हणजे?"

म्हणजे एरवी कोरडाच, अण्णा, हा असाच.
नदी सगळी बोगद्यात, जनित्रांच्या कामाला.
तीनला दारं उचलतात.
आधी एक थंड वास आला.
मग खडक होता तिथं खडक नव्हता.
पुलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या,
शेजारच्या बाईनं कुत्र्याचे कान झाकले,
आणि मी मनात आकडा मांडला:
दहा हजार क्युसेक, वर थोडं.
दुतोंड्या मारुतीच्या कमरेएवढं.
टाळ्यांसाठी हात उचलले, तसेच राहिले.

आमच्या घरी दहा हजार म्हणजे
बाप रात्रभर गंगापूरच्या दारांवर,
ओल्या वहीत तासातासाची नोंद,
फोनवर तोच घसा:
सराफ बाजारात कळवा, भांडी बाजारात कळवा,
घाटावरच्या टपऱ्या उचला.
आई उंबऱ्यात उभी,
भोंगा किती वेळ वाजला ते मोजत.

त्याचे प्रश्न ठरलेले.
"भोंगा वाजवतात का आधी?"
वाजवत असतील.
"खाली शेतं कोणाची?"
विचारलं नाही.
"मागणी कोणाची? पत्र आलं होतं?"
कोणाचीच नाही, अण्णा. बघायला सोडतात.
थोड्या वेळानं बंद.

तो खडकाकडे बघत राहतो.
चौतीस वर्षं त्यानं पाणी सोडलं ते
एकलहऱ्याला, निफाडला, पैठणला,
भांडणाला, कोर्टाच्या हुकमाला,
एकदा शाहीस्नानाला.
"पाहुण्यांसाठी नदी," म्हणतो शेवटी
आणि हसतो, दात नसलेल्या बाजूनं.

"आणि तो जिना?"

जिना त्याला जास्त आवडतो.
बोट येते, दगडी हौदात शिरते.
मागचं दार लागतं. पुढचं बंदच असतं.
बोटीवरचा म्हातारा पेपर वाचत बसतो.
"ढकलतं कोण?"
कोणी नाही. पाणी भरत जातं खालून.
भिंतीचं शेवाळ एकेक दगड बुडतं,
म्हातारा पान उलटतो,
आणि अचानक त्याच्या टोपीला ऊन लागतं.
"नुसतं थांबायचं?"
नुसतं थांबायचं. दोन दारांच्या मधे.
"आणि वर काय?"
वर पुढचा हौद.

मी घड्याळ बघते. उगीच.
तीन वाजून सात.
पोराची गाडी धुऊन झाली, किक बसत नाही.

उठतो आम्ही. रिक्षा वर, वडाखाली.
गुडघ्याचं ऑपरेशन तो दर वर्षी
पुढच्या वर्षावर ढकलतो.
माझा खांदा धरून एक पायरी चढतो,
उभा राहतो, डोळे मिटतो.
ऊन पाठीवर. खाली इंजिन खोकतंय.
"चला ना, अण्णा."
"थांब," म्हणतो, "भरू दे जरा."

अजून अकरा पायऱ्या.