गल्ल्याखाली

कन्ना चौकातल्या दुकानावर पाटी मीच रंगवली:
कॅरीबॅग मिळणार नाही.
पाटी मोठ्यानं वाचून पहिलं गिऱ्हाईक म्हणालं,
"छोटी असली तरी चालेल."

शेंगाचटणीला तेल सुटतं.
कागद पुढच्या वळणापर्यंतसुद्धा टिकत नाही.
शेजारची नरसव्वा टॉवेलच्या काठांच्या पिशव्या शिवते,
सात रुपयाला एक.
तिच्यावरही लोक घासाघीस करतात.
गावभर माग खडखडतात,
आणि चादर गावाबाहेर पडते
प्लास्टिक पांघरून.

गल्ल्याखाली एक गठ्ठा अजून आहे,
खोटं कशाला सांगू.

काल एक पोरगी तीच पिशवी घेऊन परत आली.
"दोनदा धुतली, काका. डाग जात नाही."
मी त्या डागावरच
पाव किलोची पुडी ठेवली.