खाणीतले मासे

कौलांच्या कारखान्यामागं माती काढून काढून
जो खड्डा पडला, त्याला आम्ही खाण म्हणायचो.
आबा तिथं साच्यावर. ओल्या कौलाच्या पाठीवर
कारखान्याचं नाव आणि साल, दिवसाला नऊशे वेळा.

एका वर्षी त्या खाणीत मासे दिसले.
ना ओढा येऊन मिळतो, ना नाला;
मलप्रभा पाऊण मैलावर, तीही खालच्या अंगाला.
हिराक्का तेव्हा नववीत. शाळा बुडवून
तीन दिवस काठावर बसली.
नदी चढ चढत नाही, मग हे आले कुठनं?
मास्तर म्हणाले, देवाची करणी.
आई म्हणाली, आधी घरी चल.
अक्कानं वहीत लिहिलं:
बगळ्याच्या पायाला अंडी चिकटत असतील काय?

खानापुरात समुद्र येतो तो बर्फातनं,
अनमोडचा घाट चढून, गळक्या खोक्यांत.
बांगडा ज्या रस्त्यानं वर येतो
त्याच रस्त्यानं ती खाली गेली,
एक ट्रंक आणि मेतकुटाचा डबा घेऊन.

पहिल्या जहाजावर बाईमाणसाला खोली नव्हती.
दोरखंडांच्या कोठीत फळी टाकून दिली.
कप्तान म्हणाला, ओकशील.
"ओकले," तिनं इनलँडवर लिहिलं,
"मग तोंड धुऊन जाळ्यातले मोजले."

माशाच्या कानात खडा असतो,
जोंधळ्याच्या कणीएवढा.
चिरून भिंगाखाली धरला की वळी दिसतात,
वर्षाला एक, उपासाच्या दिवसांत दाट.
एका दिवाळीत तिनं तो आबांना दाखवला.
आबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितला.
"म्हणजे ह्याच्यावरबी साल उमटवतंय की कोणीतरी."

पुढं ती संचालक झाली. दारावर लाल दिवा,
सह्यांना दोन पेनं, साडीला मात्र तोच वास.
बंदरावरच्या बैठकीत म्हणाली,
तारली म्हातारी होऊन मरत नाही आता,
कोणी म्हातारं होतच नाही.
जाळ्याचा आस मोठा करा. दोन हंगाम थांबा.
कुणीतरी टेबलावर टोपली पालथी केली:
हे खातो आम्ही, तुमचे आकडे नाही!
तिनं त्यातलीच एक उचलली,
हिनं अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत, म्हणाली,
आणि बसली.
वरनं फोन आला. फाइल परत आली.
तिसऱ्या वर्षी होड्या नुसतं पाणी घेऊन आल्या.
तिचं खरं होतं, हे सांगायला कोणी गेलं नाही.
मीच फोन केला, तर म्हणाली,
"बरोबर निघणं लई महाग पडलं रे, शंकऱ्या."
आणि मग भाताच्या दराचं विचारलं.

रिटायर होऊन आली, तर आधी खाण बघायची होती.
कारखाना बंद पडून कितीतरी वर्षं झालेली.
अर्धा खड्डा फुटक्या कौलांनी भरलाय,
कडेला प्लॉट विक्रीची कन्नड पाटी.
गुडघा धरत ती उतरली. लोणच्याची बरणी
पाण्यात बुडवून उन्हाकडं धरली.
एक कौल उलटं करून साल वाचलं,
आबांच्या हाताचं असेल म्हणून पदरानं पुसलं.

एक्कावन्न वर्षं पोटात होतं, ते तिथं बोललो.
अक्का, ते मासे बगळ्यानं आणले नव्हते.
रॉकेलच्या डब्यातनं मी आणले,
मरळीची पिल्लं, नदीवरनं, तिन्हीसांजेला.
आई कालवण करील म्हणून भ्यालो आणि तिथं ओतली.
तू एवढी बसलीस, मग सांगायचं कसं?

ती बरणीतच बघत राहिली.
मला वाटलं, आता चाळीस वर्षांची नोकरी
माझ्या अंगावर फेकणार.

"किती?"
बारा असतील, म्हटलं.
"असतील, का होती?"
मी डोळे मिटले. डबा आठवला, त्याची तार
बोटात रुतायची ते आठवलं.
अकरा. एक वाटेतच मेलं होतं.

तिनं पिशवीतनं पेन्सिल काढली,
तारीख घातली,
अकरा लिहिलं,
आणि विचारलं, डबा धुतला होतास काय.