दोन रात्री, तीन दिवस

शुक्रवारी रात्री हर्षाली पिशवी भरते,
तिकडे बंगळुरात, एका खांद्यावर मावेल एवढी.
सोमवारी सकाळी आमच्या फोनवर डोंगर येतात.

नंदी हिल्स. स्कंदगिरी. शिवनसमुद्र.
सकलेशपूरला पायाला जळू लागली, तिचाही फोटो.
विमल विचारते, तिथे जेवायला काय मिळतं?
मी विचारतो, किती किलोमीटर?
आणि भिंतीवरच्या नकाशात सुतळी धरून मोजतो.
माझं उत्तर दर वेळी कमी येतं.
सुतळीला घाट कळत नाहीत.

एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये काढली,
पासपोर्टांची कोरी पानं मोजली, गठ्ठे बांधले.
लोकांनी त्यांवर कुठकुठले शिक्के घेतले असतील.
मी लांब गेलो दोनदा:
एकदा तुळजापूर,
एकदा साडूच्या घरभरणीला भुसावळ.
शनिवारी दळण आणायचं असायचं.
वीकेंड हा शब्द आमच्या घरात
तिच्या पहिल्या पगारासोबत आला.

मार्गशीर्षात तिचा फोन,
"पप्पा, या वेळी आम्ही नाशिक करतोय."
करतोय.
जसं कुणी कूर्ग करतं, येरकाड करतं.
मी म्हटलं, करा.

ओझरला विमान उतरलं. सोबत दोघी,
सहना आणि नित्या, पायांत डोंगराचे बूट.
विमलने नवी चादर घातली,
घडीच्या रेषांसकट, ताठ.
हर्षाली स्वतःच्याच खोलीत
दार वाजवून शिरली.

पहाटे पांडवलेणी.
पाथर्डी फाट्यावरून मी किती वेळा गेलोय,
मान वर करून ती काळी भोकं पाहिलीत,
चढलो कधीच नव्हतो.
"अंकल, कितनी सीढ़ियाँ?"
मी ठोकून दिलं, असतील शंभरेक.
शंभर कधीच संपले. मोजणारा माणूस मी,
धाप लागल्यावर आकडा सोडून दिला.
नित्याने काही न बोलता
माझ्या हातातली पिशवी घेतली.

आत गार होतं. वाघळांचा वास.
भिंतीवर अक्षरं, कुणी काय दान दिलं त्याची.
मी जवळ जाऊन ओळी पाहिल्या,
सरळ होत्या, समास बरोबर.
शाईशिवाय इतकी वर्षं टिकलेली छपाई.
बोट लावणार होतो, पहारेकरी खाकरला.

बाहेर कठड्याशी हर्षाली मैत्रिणींना शहर दाखवत होती,
तो हायवे, ते स्टेडियमचे दिवे, आणि तिकडे...
तिकडे काय ते तिला आठवेना.
"पप्पा, आपलं घर दिसतं का इथून?"
धुकं होतं. नाशिकरोडच्या बाजूला
नुसतं ताकासारखं पांढरं.
म्हटलं, दिसतं ना.
तिघींनीही मान डोलावली.

रविवारी धरणाकाठी द्राक्षांचा मळा,
त्यांनी पेले फिरवले, वास घेतला.
मी सरबत मागवलं.
विमलने पेला हातात धरून फोटो काढून घेतला,
एक घोट घेतला,
म्हणाली, आंबलंय हे.
शेजारच्या टेबलावरचेही हसले.

संध्याकाळी परत ओझर.
चिवडा वजनात बसेना, अर्धा आमच्याकडे राहिला.
"मस्त झाली ट्रिप," सहना म्हणाली,
आणि वाकून नमस्कार केला, दोन्ही पायांना.
हर्षाली वाकली नाही. तिने मिठी मारली,
उशीर होतोय म्हणाली,
आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली.

रात्री तिने तिचा नकाशा पाठवला,
गेल्या-आल्या ठिकाणांवर पिवळ्या चांदण्या.
बंगळुरावर छोटंसं घर, छपरासकट.
वर, बरीच वर, एक नवी चांदणी. नाशिक.

विमल म्हणाली, बघू.
मी दोन बोटांनी चांदणी मोठी करत गेलो.
नदी आली, पूल आला,
जेल रोड, पगारे मास्तरांची गल्ली,
पाण्याची टाकी.
आणखी ताणलं तर
एक करडा चौकोन, वर नाव नाही.
"हीच आपली गच्ची," विमल म्हणाली,
आणि चादर आत आणायची राहिली
म्हणून उठून गेली.