दाराची बोंडं

गाडीच्या काचेशी एक खटका असतो ना,
वर ओढला की उघड, खाली दाबला की बंद,
त्याच्या डोक्यावरचं ते काळं बोंड.
आमची चारही उन्हानं पिचली होती.
माझ्या बाजूचं तर गळूनच पडलं, उरली नुसती सळई,
घाईत दाबली की तळहातात रुतायची.

रावपुऱ्यातल्या दुकानदारानं ट्रे पुढे सरकवला:
कवट्या, डोळ्यांत लाल खडे. जुगाराचे फासे.
बिलियर्डचा काळा चेंडू, त्यावर आठ.
म्हणाला, "बेन, हमणां आ ज चाले छे."
मी म्हटलं, भाऊ, माझ्या मागच्या सीटवर
ब्याऐंशी वर्षांचा माणूस बसतो,
कवटी दाबून मी त्याचं दार लावणार नाही.

म्हणून रविवारी डभोईवरून संखेडा.
चिमन खरादी पाळण्याचे दांडे कातत होता.
"चार? आणि एवढाली?"
तो इतका हसला की शेजारच्या दुकानातलं पोर बघायला आलं.
मग उरलेल्या दांड्याचा एक वीतभर तुकडा
त्यानं लेथला लावला.
लाखेची कांडी टेकवली तसा
फिरत्या लाकडावर विटकरी रंग चढत गेला,
कथलाची पांढरी वेल लाखेखाली सोनेरी झाली.
केवड्याच्या पानानं पुसून त्यानं एकेक माझ्या ओंजळीत टाकलं,
गरम, भजी टाकावीत तसं.
तिघांवर वेल. चौथ्यावर
कंटाळून नुसते ठिपके.

दांडिया बाजारात, आमच्या फाटकाशी,
मी पहिलं बोंड सळईवर फिरवायला घेतलं.
बसेना.
जोर लावला. कुईकुई आवाज आला.

फाटकामागे खुर्चीत अप्पा.
काचबिंदूनं डोळे नेले, त्याला सहा वर्षं झाली.
त्याआधी पस्तीस वर्षं पोरांना लेथ शिकवली कलाभवनात.
म्हणाले, "वृंदा, तू आटे पाडत नाहीयेस,
खातेयस."

"टॅप घे. पाचाचा.
माळ्यावर चहाच्या डब्यात, ग्रीसच्या कागदात."

होता. डब्यावरची बाई गंजली होती,
टॅप मात्र काल ठेवल्यासारखा.

मग ते मला करू देईनात.
बोंड गुडघ्यांत धरलं, टॅप उभा आहे का ते
गालाला लावून पाहिलं,
आणि पुटपुटत सुरू झाले:
अर्धा पुढे, पाव मागे.
भुसा पडू दे.
अर्धा पुढे, पाव मागे.
धोतरावर विटकरी भुसा साठत होता.
एक झालं. दुसरं. ठिपक्यांचंही झालं.
समोरचे गुप्ते दूध घेऊन चालले होते, ते थांबलेच.

चौथं तडकलं.
अगदी शेवटच्या पाव फेऱ्याला, बारीक टक् करून.
अप्पांचा अंगठा त्या भेगेवरून
दोनदा गेला.
मी म्हटलं, लाकूडच वाईट होतं.
"लाकडाला नावं ठेवू नकोस," म्हणाले,
आणि टॅप पुसून कागदात गुंडाळला.

तीन दारांना संखेडा आहे आता.
मागच्या डाव्या दाराला, सध्या,
एक खोडरबर खोचलंय.

तिथेच बसतात. उजवीकडे बसा म्हटलं, तर ऐकत नाहीत.
काल डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना
(ते काही करत नाहीत, नुसता दाब मोजतात)
खंडेराव मार्केटच्या सिग्नलला मागून आवाज यायला लागला,
टुक, टुक. उघड, बंद. उघड, बंद.

आम्ही लहानपणी हेच केलं की
कान पिरगळायचे.
मी आरशात न बघता म्हटलं,
"अप्पा, खटका बिघडेल."

"बिघडू दे," मागून आलं.
"सळई गुळगुळीत झालीय, कळतंय मला.
तिला पण नवे आटे लागतील.
तो दुसरा डबा कुठे ठेवलास?"