पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये

खैरगावच्या तेहतीस केव्ही सबस्टेशनात
आठवड्यातून चार रात्री माझी ड्युटी.
टेबलावर लॉगबुक, दोन फोन
आणि एक जुना इलेक्ट्रिक पियानो,
वर्ध्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं धंदा मोडला
तेव्हा साडेसहा हजारात घेतलेला.
वरच्या सप्तकातला एक पांढरा दात नाही.
बोट तिथं गेलं की भोकात पडतं,
मी त्याला विराम समजतो.

सायमन तायडे सर, मिशन दवाखान्याचे कंपाउंडर,
रविवारी पायपेटीवर प्रार्थना वाजवायचे
आणि लोक घरी गेले की दार लोटून घेऊन
तीच प्रार्थना हळूहळू वाकवायचे.
"सरळ गेलेला सूर पोचतो," म्हणायचे,
"वळसा घेतलेला चार घरी भेटून येतो."
त्याला जॅझ म्हणतात, हे मला
बारा वर्षांनी एका कॅसेटच्या पाठीवर सापडलं.
तोवर सर गेले होते.

बाहेर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो.
मी पट्टी लावून पाहिलीय:
पांढरी पाचच्या थोडा वर,
काळी चारच्या थोडा खाली.
असा सूर माझ्याजवळ नाही. म्हणून
दोन्ही पट्ट्या एकदम दाबतो,
त्या एकमेकींना चावतात,
त्या चाव्यात कुठंतरी तो असतो.

मे महिन्यात ऑर्गनचं बटण दाबायचं
आणि स्पीकर कूलरच्या मागच्या जाळीला टेकवायचा.
पात्यांत सूर कापला जातो, गरगरतो,
ओल्या वाळ्याचा वास घेऊन बाहेर येतो.
सुलभा डबा ठेवता ठेवता म्हणाली,
"कोणी पंख्यात तोंड घालून बोलून रायलं, असं वाटते."
तेच तर.

थंडीत शेतीचा फीडर रात्री बाराला.
पावणेबाराला मडावी, हरभऱ्याच्या धुऱ्यावरून:
"साहेब, लाईन कवा?"
"पंधरा मिनिटं."
"बाजा बिघडला का तुमचा?"
"नाही, तो असाच रायते."
"असाच रायते? मंग ठीक आहे."

मागच्या बुधवारी, दोन वाजून दहा मिनिटांनी,
इनकमर गेला.
दिवा गेला, लांबवरचे पंप गेले,
आणि अठरा वर्षांत माझ्या कानानं
कधी वेगळी न काढलेली ती गुणगुण गेली.
पियानो बॅटरीवर होता. उजवा हात चालत राहिला
आणि जिना संपल्यावर
आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा
तसा धप्पकन खाली आला.
मला वाटायचं मी एकटा वाजवतो.
खर्ज तर तो धरून होता, तिकडे कुंपणात,
तेलात बुडून, गिट्टीवर उभा.

अंधारात फोन वाजला. मडावी.
लाईनचं विचारलंच नाही.
"साहेब, बाजाबी गेला का?"
"गेला," मी म्हटलं.
"वरूनच गेला."