निळी जीभ

दांडीच्या किनाऱ्यावर, रापणीच्या जाळ्यांशेजारी
आमची पत्र्याची खोली.
भाऊ माणसांना पाण्याखाली नेतो,
मी त्यांचं पाणी पेनड्राइव्हवर भरून देते.

आज कोल्हापूरची सातजणं.
केस ओले, कपाळावर मुखवट्याचे वळ,
चार दहाची एसटी,
आणि पडद्यावर हिरवी पट्टी:
उरलेला वेळ तीन तास चाळीस मिनिटं.
मग दोन तास.
मग पाच.
त्यांच्यातली एक बाई म्हणाली, दुसरा कॉम्प्युटर नाही का?
मी म्हटलं, आहे ना. मालवणच्या बाजारात, विकायला.

केबल बदलली.
माऊस, कीबोर्ड, प्रिंटर, मोबाइल, वीतभर पंखा
एका हबला लोंबकळत होते, तो हब काढला.
होडीतसुद्धा माणसं मोजून बसवतात.
मग टेबलाखाली गेले,
गुडघ्यांना वाळू टोचत, मोबाइलच्या उजेडात
डब्याच्या पाठीमागे निळी जीभ शोधत.
काळी जीभ जुनी, निळी नवी, वेगाची:
कुडाळच्या कोर्सात सर एवढंच सांगून
पुढच्या पानावर गेले होते.

सापडली. पण तिच्या पट्ट्यांवर
हिरवट काहीतरी चढलेलं.
आमच्याकडे कड्या चढतात, बिजागऱ्या चढतात,
सायकलची साखळी दोन पावसाळ्यांत बोलायची थांबते.
खाऱ्या वाऱ्याला काय ठाऊक
कुठली वस्तू किती रुपयांची.
संगणक बंद केला,
जुन्या टूथब्रशाला स्पिरिट लावून
दातांसारख्या घासल्या एकेक पट्ट्या,
सुकू दिल्या.

जोडला. हळूच,
मी सगळंच जोडते तसा.
तीन तास तेहतीस मिनिटं.

बस्त्याव दारात उभा होता,
हातात ग्रीसचं फडकं,
आउटबोर्ड इंजिनांत आयुष्य गेलेला माणूस.
संगणकाला तो अजून ‘ती टीव्ही’ म्हणतो.
‘गो चेडवा,’ म्हणाला,
‘इंजिनाची दोरी अशी कुरवाळून ओढलंस
तर सुरू होतला काय?
एका दमात घाल. कोणतरी इला
असा त्येका कळाक होया.’

मला हसू आलं. थोडा रागही.
ड्राइव्ह काढला,
आणि फक्त त्याचं तोंड बंद करावं म्हणून
खाटकन घातला.

नऊ मिनिटं.

रात्री मी ते वाचून काढलं.
नव्या प्लगमध्ये चार पट्ट्या जुन्या, पाच नव्या.
हळूच सरकवलं की जुन्या चौघींची गाठ आधी पडते,
त्या आपल्या चालीवर बोलणी उरकून टाकतात,
लिलावात पहिल्याच बोलीला
टोपली उचलून द्यावी तशी.
नव्या पाचजणी येऊन पोचतात
तोवर भाव ठरलेला.
म्हणजे माझा हळुवारपणाच
तीन तासांचा होता.

पण हे सांगायचं तर उरलेलंही सांगायला हवं.
कोल्हापूरवाले धावत गेले, एसटी मिळाली असावी.
मागे राहिला एक मुलगा, देवगडचा, एकटाच आलेला,
त्याचा पेनड्राइव्ह खरोखरच जुना,
आत निळं काहीच नाही.
मी एका दमात घातला.
दोनदा घातला.
बस्त्यावनेसुद्धा घालून पाहिला.
एक तास सहा मिनिटं, ना इकडे ना तिकडे.
त्याला नाही धावता येत. बस.

मग आम्ही तिघं ती फिल्मच बघत बसलो.
पाण्याखाली तो मुलगा हात हलवतोय,
एक पट्टेवाला मासा त्याच्या बोटाशी येतो,
थांबतो,
विचार करतो.
बस्त्याव म्हणाला, ‘ह्येची स्पीड बघ.’
हिरवी पट्टी खाली सरकत होती
की नव्हती, कुणीच बघितलं नाही.